रेघ सोपी, रूळ अवघड

बजाजनगरात कुठल्याही गल्लीत हाक मारा, कॅड येणारा एकतरी माणूस दार उघडेल. वाळूजच्या कारखान्यांनी आम्हाला तेवढं शिकवलंच आहे. मीही त्यातलाच. दिवसभर टूलरूममध्ये डायची ड्रॉइंगं काढतो आणि रात्री वरच्या खोलीत छोट्या रेल्वेचा नकाशा. मित्र विचारतात, "ऑटोकॅड हाताशी असताना या खेळण्याला वेगळं सॉफ्टवेअर कशाला?"

कारण ऑटोकॅडला रेघ कळते, रूळ कळत नाही. 400 मिलिमीटर त्रिज्येचा कंस मागितला की देऊन मोकळा होतो. तसा तुकडा दुकानात मिळतो का, हे त्याच्या गावीही नसतं. छोटे रूळ ठरावीक लांबीचे आणि ठरावीक वळणाचे येतात. गाडी जिथे रूळ बदलते त्या सांध्याचा कोन तर कंपनीगणिक बदलतो. रुळांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तुकडे कंपनीवार भरलेले असतात. म्हणून मी थ्रीडी, झाडंझुडपं वगैरे आधी बघतच नाही. मी विकत घेणार ते रूळ त्याच्या यादीत आहेत ना, एवढं बघतो.

दुसरी गोष्ट जागेची. पुण्यात कोथरूडला 1998 साली सुरू झालेलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहून आलेल्या माणसाला सगळं स्टेशनच घरी आणावंसं वाटतं. एचओ हे सर्वांत रुळलेलं प्रमाण, म्हणजे 1:87. यात एलएचबी डबा साधारण 27 सेंटिमीटरचा होतो. वीस डब्यांची गाडी इंजिनासह साडेपाच मीटरच्या घरात जाते, आणि आठ बाय चारचा प्लाय असतो जेमतेम 2.44 मीटर लांब. चार-पाच डब्यांवर समाधान मानावं लागतं.

चढाचं गणित त्याहून कडक. एका मार्गावरून दुसरा न्यायचा तर साडेसात सेंटिमीटर तरी उंची हवी. कसारा घाटाचा चढ 37 ला 1 आहे आणि तिथे खऱ्या गाड्यांनाही मागून बँकर इंजिनं लावतात. तेवढा तीव्र चढ धरला तरी पावणेतीन मीटर रूळ लागतो. 50 ला 1 धरला तर पावणेचार. आणि हे फक्त चढायला. उतरायचं अजून बाकीच. तुकड्यांच्या जोडांवर उंची टाकली की चढाचा आकडा आपोआप दाखवणारं सॉफ्टवेअर मला म्हणून आवडतं.

नवख्याला मी स्कार्म सुचवतो. फुकट आवृत्तीत शंभर तुकडे मांडता येतात, पहिल्या आराखड्याला तेवढे पुरतात. एनीरेल हाताळायला सर्वांत सरळ, पण त्याची फुकटची मर्यादा पन्नास तुकड्यांची. दोन्ही विंडोजवर चालतात. एक्सट्रॅककॅड पूर्ण मोफत, लिनक्स आणि मॅकवरही चालतं. मात्र शिकायला चिवट. टूलरूमच्या माणसाला ते जड जाऊ नये.

मी तेच वापरतो, त्याला कारण आपला मनमाड मार्ग. निजामाच्या काळातला हा मार्ग मीटरगेज होता. एक मीटरचे रूळ 1:87 मध्ये साडेअकरा मिलिमीटर भरतात आणि त्यासाठी 12 मिलिमीटरचे रूळ वापरतात. नेहमीच्या एचओचे असतात 16.5 चे. अरुंद रुळांचे तयार तुकडे कमी, त्यामुळे स्वतःचा सांधा आखता येणं महत्त्वाचं. आजची ब्रॉडगेज गाडी हवी असेल तर हा खटाटोप नको. तिचे रूळ प्रमाणात 19 मिलिमीटरवर जातात, पण बहुतेक जण 16.5 वरच चालवतात आणि बघणाऱ्याला फरक कळत नाही.

रूळ मागवण्याआधी आराखडा एकास एक मापात ए-फोर कागदांवर छापून प्लायवर चिकटवा. वळणावर डबा हाताने फिरवून बघा. शेजारच्या रुळावरच्या डब्याला घासतो का, ते लगेच दिसतं. छापताना प्रिंटरचा 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा आणि पहिल्याच कागदावर स्टीलची पट्टी लावून माप तपासा.