इटली, लहान मुलं आणि अ‍ॅलर्जी : ऐकीव काय, खरं काय

आमच्या मुलीला काजू, पिस्ता आणि शेंगदाणा चालत नाही. धाकट्याला दूध चालत नाही. ती सहा वर्षांची, तो तीन. इटलीची तिकिटं काढली त्या दिवसापासून निघेपर्यंत घरात एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येत होतं, 'अगं, तिथे चीज आणि मैद्याशिवाय मिळतं तरी काय? पोरांनी खायचं काय?' कोणी सांगितलं, तिकडचे लोक फार काळजी घेतात, बिनधास्त जा. कोणी म्हणालं, डबाभर खाकरे ने. सगळ्यांची काळजी खरी होती, माहिती मात्र अर्धीच. अ‍ॅलर्जीच्या बाबतीत अर्धी माहिती लेकराच्या जिवावर बेतू शकते, म्हणून त्यातला एकेक समज सुटा करून तपासायला हवा.

समज : गव्हाच्या देशात सीलिअ‍ॅक मुलाचे हाल होतील

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. सीलिअ‍ॅक असलेल्या, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन चालत नाही अशा मुलाला घेऊन जाण्यासाठी इटलीइतके सोयीचे देश कमी आहेत. तिथली सीलिअ‍ॅक रुग्णांची संघटना 1979पासून काम करते आहे. रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरांना प्रशिक्षण देऊन ती त्यांची यादी ठेवते. 2005 सालापासून या आजारासाठी स्वतंत्र कायदा आहे, आणि 2023 साली लहान मुलांची टाइप-1 मधुमेह आणि सीलिअ‍ॅकसाठी तपासणी करण्याचा कायदाही झाला. सुपरमार्केटमध्येच नव्हे, तर हिरव्या क्रॉसच्या पाटीखाली असणाऱ्या औषधांच्या दुकानातही 'सेन्त्सा ग्लूतिने' म्हणजे ग्लूटेनविरहित पास्ता, पाव, बिस्किटं मिळतात. हा शब्द लिहायचा तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. शिवाय उत्तरेकडे तांदळाचा रिसोतो आणि मक्याची पोलेंता हे तर घराघरातलं जेवण आहे.

मात्र सीलिअ‍ॅक आणि गव्हाची अ‍ॅलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे डॉक्टर सोडले तर बहुतेक जण त्या एकच समजतात. काही ग्लूटेनविरहित पदार्थांत ग्लूटेन काढून टाकलेला गव्हाचा स्टार्च वापरतात. सीलिअ‍ॅक मुलाला तो चालतो, गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाने त्याच्या वाटेला जाऊ नये. तेव्हा पाकिटावरचं चिन्ह बघून थांबू नका, घटकांची यादी वाचा.

समज : पास्त्यात अंडं असतंच, किंवा नसतंच

दोन्ही वाक्यं मी ऐकली आहेत, आणि दोन्ही अर्धी खरी आहेत. इटलीत साधा सुका पास्ता कायद्यानेच ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी यांचा असतो. 'अंड्याचा पास्ता' असं म्हणायचं तर किलोभर रव्याला किमान चार अंडी, म्हणजे 200 ग्रॅम अंडं, हवं. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. बोलोन्याच्या परिसरातले ताल्यातेल्ले, तोर्तेल्लिनी अंड्यात मळलेले असतात. दक्षिणेत पुल्यातले कानाच्या पाळीसारखे ओरेक्किएत्ते नुसत्या रव्या-पाण्याचे. म्हणजे एका शहरात निर्धास्त खाल्लेली गोष्ट काही तासांच्या रेल्वे प्रवासानंतर चालेनाशी होऊ शकते.

अंडं चीजमध्येही सापडतं. ग्राना पादानो या किसून घालायच्या चीजमध्ये लायसोझाइम नावाचं अंड्यातलं प्रथिन वापरतात. पार्मिजानो रेज्यानोमध्ये ते वापरायला परवानगी नाही. ताटात दोन्ही सारखीच दिसतात. आणि शाकाहारी घरांसाठी आणखी एक गोष्ट, तिथे 'वेजेतारियानो' म्हटलं की त्यात अंडं गृहीत असतं.

समज : 'लॅक्टोज-फ्री' म्हणजे दूध नाही

धाकट्यामुळे हा समज मला सगळ्यात जास्त छळतो. लॅक्टोज ही दुधातली साखर. अ‍ॅलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची. लॅक्टोज पचत नसेल तर पोट फुगतं, जुलाब होतात. अ‍ॅलर्जीत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, दम लागतो. 'सेन्त्सा लात्तोझियो' लिहिलेल्या दह्यात, दुधात प्रथिनं सगळीच्या सगळी असतात. मुरवलेल्या पार्मिजानोत लॅक्टोज जवळपास नसतंच, म्हणून वेटर अगदी मनापासून सांगतो की हे चालेल. त्याचं चुकत नाही, आपला प्रश्न चुकलेला असतो. 'दूध पचत नाही' असं म्हणू नका, 'दुधाची अ‍ॅलर्जी आहे' म्हणा.

'म्हशीचं मोझ्झारेल्ला चालेल, शेळी-मेंढीचं चीज चालेल' हाही असाच धोक्याचा दिलासा. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकाची अ‍ॅलर्जी असणाऱ्या बहुतेक मुलांना दुसरंही झेपत नाही.

मग खायचं काय? पिझ्झा मारिनारा. नेपल्सचा हा जुना पिझ्झा टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल यांचाच असतो, चीज मुळातच नाही. पिठात मैदा, पाणी, यीस्ट, मीठ. चीज काढून द्या अशी विनवणी करावी लागत नाही, मेन्यूत तो ताठ मानेने उभा असतो. ओट्यावर शेजारी चीजचे तुकडे पडलेले असतात, म्हणून जागा पुसून घ्या एवढं सांगावं लागतं. दुधाऐवजी ओट्स, तांदूळ, सोयाचं पेय हवं असेल तर पाकिटावर 'लात्ते' शोधू नका. युरोपच्या नियमानुसार तो शब्द खऱ्या दुधासाठी राखीव आहे, या पाकिटांवर 'बेवांदा' म्हणजे पेय असं लिहिलेलं असतं.

समज : 'नट्स नको' म्हटलं की काम झालं

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण खरी अडचण भाषेत आहे.

इटालियनमध्ये 'नोची' म्हणजे अक्रोड, फक्त अक्रोड. 'नो नोची' म्हणणाऱ्या पाहुण्याला हेझलनटचं आईस्क्रीम देताना दुकानदाराला काही वावगं वाटणार नाही. हेझलनट म्हणजे 'नोच्चोले'. आणि 'नोच्चोलीने'? शब्दाच्या घडणीवरून वाटेल छोटे हेझलनट, पण रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ शेंगदाणे. पाकिटावर शेंगदाण्याला 'आराकिदी' लिहितात. काजू 'आनाकार्दी', बदाम 'मांदोर्ले'. 'फ्रुत्ता सेक्का' हा शब्द तर आपल्या सुक्यामेव्याचा सख्खा भाऊ, त्यात बदाम-काजूही येतात आणि मनुका-अंजीरही. सगळ्या कवचाच्या मेव्यासाठी नेमका शब्द आहे 'फ्रुत्ता आ गुशो'. मी तो मुलीच्या टोपीच्या आतल्या बाजूलाही लिहून ठेवला होता.

जेनोआत हा धडा समोर दिसला. पेस्तो म्हणजे बेझिल, लसूण, ऑलिव्ह तेल, चीज आणि पिनोली, म्हणजे चिलगोज्याच्या जातीचे दाणे, हे मी वाचून गेले होते. पिनोली मुलीला चालतात, तपासणी झालेली होती. किराणा दुकानात एक बरणी उचलली, वर बेझिलचं देखणं चित्र. मागच्या बारीक अक्षरांत एक शब्द ठळक छापला होता, 'आनाकार्दी'. पिनोली महाग, म्हणून कारखान्यातल्या पुष्कळ पेस्तोंत काजू घालतात. ती ठळक अक्षरं नसती तर मी ती बरणी टोपलीत टाकली असती. आणि काजू ज्याला चालत नाही त्याला पिस्ताही बहुधा चालत नाही, दोन्ही एकाच कुळातली झाडं. बोलोन्याची मोर्तादेल्ला पुष्कळदा पिस्ते घालून करतात, सिसिलीत पिस्ता मिठाईपासून पास्त्यापर्यंत सगळीकडे.

आईस्क्रीमचं दुकान हा मुलांचा हट्ट आणि आईबापांची परीक्षा. धोका चवीपेक्षा चमच्यात असतो. पिस्त्याच्या भांड्यातून निघालेला पळा लिंबाच्या भांड्यात गेला की संपलं. कोन टाळून कप घ्या, गर्दी नसताना जा, नवं भांडं उघडता येईल का विचारा. बोलोन्यातल्या दुकानातल्या मुलीने आमचं अ‍ॅलर्जीचं कार्ड दोनदा वाचलं, हात धुतले, हातमोजे बदलले, आतून न उघडलेला लिंबाचा डबा आणला आणि लेकीसमोर त्याचं झाकण काढलं. धाकट्यासाठी त्यात दूध नाही ना, हे तिने घटकांच्या वहीत बोट ठेवून दाखवलं. दोघांनी एकाच चवीचं आईस्क्रीम खाल्लं, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा.

समज : मेन्यूवर आकडे आहेत, म्हणजे सगळं कळतं

पदार्थापुढे छापलेले, त्यातले अ‍ॅलर्जीकारक घटक दाखवणारे ते आकडे म्हणजे मोठा आधार आहे, यात शंका नाही. युरोपियन युनियनच्या 1169/2011 या नियमाने 14 अ‍ॅलर्जीकारक घटक ठरवले, आणि डिसेंबर 2014पासून सुट्या, शिजवलेल्या अन्नाबद्दलही त्यांची माहिती देणं बंधनकारक झालं. इटलीत ती लेखी हवी, मेन्यूत किंवा मागितल्यावर दाखवायच्या वहीत. या यादीत तीळ, मोहरी, सेलरी, लुपिन आणि शिंपल्यांसारखे मृदुकाय प्राणीही आहेत, जे आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा संस्थेच्या अ‍ॅलर्जीच्या यादीत नाहीत. सेलरी चकवते, कारण कांदा-गाजर-सेलरीची बारीक चिरलेली परतणी हा तिथल्या असंख्य सॉस आणि सुपांचा पाया असतो.

लुपिनही लक्षात ठेवा. 'लुपीनी' म्हणून मिठाच्या पाण्यातले पिवळे चपटे दाणे दक्षिणेत शेंगदाण्यासारखे सोलून खातात. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना तेही बाधतात, आणि लुपिनचं पीठ काही ग्लूटेनविरहित पावांतही असतं.

पण 14 म्हणजे सगळं नव्हे. हरभरा त्या यादीत नाही. आपल्याकडे बेसन न चालणारी मुलं असतात, आणि इटलीत बेसन भरपूर आहे. लिगुरियातली फारिनाता म्हणजे ताटभर पातळ बेसनाचा भाजलेला पोळा, पालेर्मोतले पानेल्ले म्हणजे बेसनाच्या तळलेल्या वड्या. त्यांच्यापुढे बेसनासाठी कुठलाही आकडा नसेल. पिनोलीही यादीत नाहीत, नारळ नाही, पीच नाही. तुमच्या मुलाला यादीबाहेरचं काही बाधत असेल तर त्या पदार्थाचं नाव घेऊनच विचारावं लागेल.

'पुओ कोन्तेनेरे', म्हणजे 'अंश असू शकतात', ही सूचना तर ऐच्छिक आहे. ती छापलेली नाही याचा अर्थ अंश नाहीत असा होत नाही. तळणाचंही विचारा. अनेक ठिकाणी शेंगदाण्याच्या तेलात तळतात, आणि बटाट्याचे काप ज्या तेलात पडतात त्यातच आधी पिठात घोळवलेले मासे पडून गेलेले असतात.

समज : घरचं भरून नेलं की प्रश्न मिटला

भाजणी, तांदळाचं पीठ, पोहे, मुरमुरे खुशाल न्या. पण युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांस आणि दूध, तसंच त्यांचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, खवा, पेढे यांचा मोह आवरा. बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे, फ्रिजमध्ये ठेवावी न लागणारी, कंपनीच्या बंद पाकिटातली, माणशी 2 किलोपर्यंत. आमचं मत विचाराल तर स्वयंपाकघर असलेली खोली घेणं हेच सगळ्यात उपयोगाचं. सकाळ-रात्र घरी शिजवलं की बाहेर फक्त एकदाच विचारपूस करावी लागते.

समज : पित्ताची गोळी जवळ आहे, मग कसली भीती

हा समज जीव घेऊ शकतो. सेट्रिझिन किंवा अ‍ॅव्हिल खाज आणि गांधी कमी करतं. घसा आवळत असेल, श्वास घरघरत असेल, मूल एकाएकी मलूल पडत असेल तर त्यावर पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. गोळी देऊन वाट बघण्यात गेलेली मिनिटं परत येत नाहीत. इंजेक्शन दिल्यावर मुलाला आडवं ठेवा, पाय उंच करा, उठून चालू देऊ नका. दम लागत असेल तर टेकून बसवा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, कारण त्रास उलटू शकतो.

अ‍ॅड्रेनालिनचं तयार पेन भारतात सहजी मिळत नाही. इटलीत ते औषधाच्या दुकानात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं, पण तिथे पोचून शोधाशोध करण्याच्या भरवशावर जाऊ नका. निघण्याच्या दोनेक महिने आधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांना भेटा, मुलाच्या वजनाप्रमाणे मात्रा लिहून घ्या, पेन मिळत नसेल तर अ‍ॅम्प्यूल आणि सिरिंजने कसं द्यायचं ते हाताने करून शिका. इंग्रजीत पत्र घ्या. औषध विमानात हातातल्या बॅगेत ठेवा. जुलै-ऑगस्टच्या इटलीत उन्हात उभ्या गाडीत ते ठेवू नका, फ्रिजमध्येही नको. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, त्यात आधीपासूनच्या अ‍ॅलर्जीचा खर्च धरला आहे का, हे कागदावर वाचून घ्या.

आणि एक कार्ड करा, तळहाताएवढं. मुलगी असेल तर 'मीया फील्या ए आल्लेर्जिका आ...', मुलगा असेल तर 'मीयो फील्यो ए आल्लेर्जिको आ...', आणि पुढे प्रत्येक पदार्थाचं नाव इटालियनमध्ये, रोमन लिपीत, छापून. वेटरच्या हातात ते देऊन आत स्वयंपाक्याकडे पाठवा. अ‍ॅड्रेनालिन आणि पित्ताची गोळी, दोन्ही औषधं एकाच बॅगेत ठेवा, आणि बॅग हॉटेलवर नाही, मूल असेल तिथे. आणीबाणीचा क्रमांक 112, कुठल्याही फोनवरून, फुकट.