गाभण मेंढीचे शेवटचे दीड महिने

गारखेडा आता शहराच्या पोटात गेले असले तरी काही घरांमागे दोन-चार शेळ्या-मेंढ्या अजूनही बांधलेल्या दिसतात. त्यांचे चारापाणी बहुधा घरातल्या बायकांकडेच असते. जनावराच्या वागण्यातला बदल आधी त्यांच्याच नजरेला येतो, म्हणून ही माहिती मुख्यतः त्यांच्यासाठी.

मेंढी साधारण पाच महिने, म्हणजे सुमारे 150 दिवस गाभण असते. पोटातल्या कोकराची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. कोकरू जागा व्यापते, त्यामुळे मेंढीच्या पोटात चारा कमी मावतो. गरज मात्र वाढते. ही तूट भरायला शरीर साठवलेली चरबी वितळवते आणि ती प्रमाणाबाहेर वितळली की रक्तात विषारी घटक साचतात. जुळी असतील तर धोका अधिक. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. पण फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनच्या गॅरोल मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. अशा मेंढीला जुळ्यांच्या हिशेबाने खुराक हवा. फार रोडावलेली आणि फार माजलेली, दोन्ही मेंढ्या या आजाराला बळी पडतात.

लक्षणे अशी: मेंढी कळपापासून वेगळी उभी राहते, दाण्याला तोंड लावत नाही, दात खाते, दिसत नसल्यासारखी भिंतीला धडकते, चालताना झोकांड्या देते. कधी तोंडाला गोडसर वास येतो. शेवटी ती बसते ती उठत नाही. कॅल्शियम कमी पडले तरीही मेंढी अशीच बसते. त्यावर इंजेक्शनने लवकर फरक पडतो. दोन्हींतला भेद डॉक्टरांनीच करावा. तोवर गिळता येत असेल तरच गुळाचे पाणी थोडे थोडे पाजावे. मान टाकलेल्या जनावराच्या घशात काही ओतू नये. ते फुफ्फुसात जाते.

बसलेल्या मेंढीच्या मागे लाल गोळा दिसला तर अंग बाहेर येत आहे असे समजावे. तो स्वच्छ ओल्या कापडाने झाकावा, कुत्र्या-कावळ्यांपासून जपावा आणि डॉक्टरांना बोलवावे.

विताना पाणमोट दिसल्यावर पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक आधी यायला हवे. तासभर कळा देऊनही काही पुढे सरकले नाही, किंवा नुसते डोके अथवा शेपूट दिसली, तर ओढाताण करू नये. वारही ओढू नये. बारा तासांत पडली नाही तर उपचार हवेत.

एक गोष्ट घरातल्या माणसांसाठी. मेंढी गाभडली तर त्यामागे माणसालाही होणारा आजार असू शकतो. गर्भवती सुनेला किंवा लेकीला विणाऱ्या मेंढीजवळ, वारेजवळ आणि नवजात कोकरांजवळ जाऊ देऊ नये. त्यातून तिच्या बाळाला धोका होऊ शकतो. इतरांनी हातमोजे घालावेत, वार आणि मेलेले कोकरू खोल पुरावे, दूध उकळूनच वापरावे.

शेवटच्या सहा आठवड्यांत चारा अचानक बदलू नये, मेंढी उपाशी ठेवू नये, दूरचा प्रवास घडवू नये. भरडा थोडा थोडा वाढवत दोन वेळांत विभागून द्यावा. आंत्रविषाराची लस विण्याच्या महिनाभर आधी टोचली तर तिचे संरक्षण चिकातून कोकराला मिळते. म्हणून पहिल्या तासाभरातच चीक पाजावा.

बेजुबान जनावर दुखणे बोलून दाखवत नाही. म्हणून रोज सकाळी दाणा टाकल्यावर दोन मिनिटे तिथेच थांबावे आणि कोण खायला आली नाही ते पाहावे. एखादी मागे राहिली तर संध्याकाळपर्यंत वाट न पाहता जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करावा. एका दिवसाच्या उशिराने मेंढी आणि कोकरे दोन्ही जाऊ शकतात.