मंगळाची किंमत

२० मे २०२५ ला खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर पुण्यात वारले. श्रद्धांजलीच्या लेखांत त्यांची आयुका ही संस्था आली, विज्ञानकथा आल्या. मला मात्र २०१४ आठवत राहिलं. त्या वर्षी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं आणि नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. विज्ञान आपल्या घरातला विषय होतोय, असं तेव्हा मनापासून वाटलं होतं. ते वाटणं टिकलं नाही.

मंगळाची आधीची कहाणी थोडक्यात सांगता येते. १९७६ मध्ये व्हायकिंगची दोन यानं तिथं उतरली. दोघांवरही भूकंपमापक होता. एकाचा खटका सुटलाच नाही, दुसऱ्यानं बहुतेक वाराच नोंदवला. ग्रहाच्या पोटात काय आहे, हा प्रश्न चार दशकं तसाच पडून राहिला.

मग आलं आपलं दशक. ५ नोव्हेंबर २०१३ ला पीएसएलव्ही या प्रक्षेपकानं मंगळयान घेऊन श्रीहरिकोट्याहून झेप घेतली. पीएसएलव्हीच्या मोटारींची कवचं आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरात घडत आली आहेत. २४ सप्टेंबर २०१४ ला सकाळी यान कक्षेत स्थिरावलं आणि पहिल्याच प्रयत्नात मंगळ गाठणारा भारत हा पहिला देश ठरला. त्या सकाळी पुण्यात अनोळखी माणसंही एकमेकांशी मंगळाबद्दल बोलत होती.

पण बोलणं लवकरच एका आकड्यावर अडकलं: ४५० कोटी. हॉलिवूडच्या चित्रपटापेक्षा स्वस्त, रिक्षाच्या भाड्यापेक्षा स्वस्त. पंतप्रधानांपासून व्याख्यात्यांपर्यंत सगळ्यांनी तेच सांगितलं आणि वर्तमानपत्रांनी तेच छापलं. याचा राग मला आजही आहे. काटकसर हा गुण आहे, पण शोधाचं मोल स्वस्ताईवर ठरत नाही. यानावरच्या पाच उपकरणांचं वजन मिळून जेमतेम १५ किलो होतं. मिथेन शोधणाऱ्या उपकरणाला मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडच्या खुणा नीट वेगळ्या करता येत नाहीत, हे पुढं स्पष्ट झालं. त्यावर मराठीत चर्चा झाली असती, तर अभियंत्यांचा अपमान झाला नसता; विज्ञान कसं चालतं ते मुलांना कळलं असतं. त्याच यानानं मंगळाची पूर्ण तबकडी एका चित्रात टिपली, डायमॉस या उपग्रहाची सहसा न दिसणारी बाजू दाखवली. सहा महिन्यांसाठी पाठवलेलं ते यान सात वर्षांहून जास्त राबलं. या गोष्टी किती घरांत पोचल्या?

२०१८ च्या नोव्हेंबरात नासाचं इन्साइट मंगळावर उतरलं. त्यानं भूकंपमापक थेट जमिनीवर ठेवला आणि तेराशेंहून अधिक कंप नोंदवले. त्यांवरून मंगळाचं कवच, प्रावरण आणि द्रवरूप गाभा यांचा अंदाज बांधता आला. उष्णता मोजणारी त्याची सळई पाच मीटर खोल जायची होती, ती पृष्ठभागाखाली जेमतेम शिरली. ते अपयशही मोहिमेच्या शास्त्रज्ञांनी सविस्तर मांडलं.

ही मोहीम आपल्याला परकी वाटायचं कारण नव्हतं. मंगळाचा बराचसा पृष्ठभाग बेसॉल्टचा आहे आणि पुण्याच्या टेकड्याही बेसॉल्टच्याच आहेत. लोणारचं विवर त्याच खडकात पडलेलं असल्यानं मंगळाचे अभ्यासक तिकडं येतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सोसलेल्या या प्रदेशात, कराडजवळ, तीन किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीचा अभ्यास झाला आहे. जमिनीच्या पोटातलं ऐकणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला नव्यानं सांगावं लागत नाही.

२०२२ मध्ये दोन्ही यानं गेली. एप्रिलमध्ये दीर्घ ग्रहणानंतर मंगळयानाशी संपर्क तुटला, डिसेंबरात इन्साइट थांबलं. मे २०२३ मध्ये, मंगळयानाचं चित्र असलेली दोन हजारांची नोट चलनातून काढून घ्यायचा निर्णय झाला. ऑगस्टमध्ये चंद्रयान-३ चंद्रावर उतरलं. त्याच्यावर भूकंपमापक होता आणि मातीत दहा सेंटिमीटरपर्यंत तापमान मोजणारी सळईही होती. म्हणजे हे काम आपल्याला येतं.

तरीही दुसरं मंगळयान अजून उडालेलं नाही. ज्या समाजानं पहिल्या यानाची फक्त किंमत लक्षात ठेवली, त्याच्याकडून दुसऱ्याची मागणी होत नाही. नारळीकरांनी आयुष्यभर मराठीतून प्रश्न विचारायला शिकवलं. शिक्षकांनी, संपादकांनी, पालकांनी आता एवढं करावं: पुढची मोहीम जाहीर होईल तेव्हा ती कितीला पडली हे नंतर विचारावं, ती काय शोधायला निघाली आहे हे आधी.