आइनस्टाइनला पर्याय आहे का? १.७ सेकंदांत लागलेला निकाल

"आइनस्टाइन चुकला!" अशी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेल. तिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवायचं कसं? चला, समजून घेऊया.

सध्याची थिअरी चालते का?

मस्त चालते. जीपीएस सॅटेलाइटमधली घड्याळं रिलेटिव्हिटीमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला साधारण ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. ही दुरुस्ती आधीच केलेली असते, म्हणून तुमचा मॅप बरोबर चालतो.

मग पर्याय कशाला हवा?

१९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅलेक्सींचं फिरणं मोजलं. कडेचे तारे हळू फिरायला हवे होते, पण तेही जोरात फिरत होते. याची दोन उत्तरं निघतात. एक तर तिथे न दिसणारं 'डार्क मॅटर' आहे, किंवा गुरुत्वाकर्षणाचा नियमच अपुरा आहे.

दुसरा रस्ता १९८३ मध्ये मॉर्डेहाय मिलग्रोम यांनी धरला. त्यांच्या 'मॉन्ड' थिअरीनुसार ओढ अगदीच क्षीण झाली की न्यूटनचा नियम बदलतो. गॅलेक्सींच्या बाबतीत हे छान जुळतं. पण अनेक गॅलेक्सींचे मोठे समूह घेतले की हिशोब कमी पडतो.

याआधी १९६४ मध्ये फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर यांनीही वेगळी थिअरी मांडली होती. वस्तूचं वस्तुमान विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे ठरतं, ही तिची मूळ कल्पना.

१७ ऑगस्ट २०१७ ला काय झालं?

सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर दोन न्यूट्रॉन तारे धडकले होते. त्या दिवशी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी त्यांच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. पुढच्या १.७ सेकंदांत फर्मी सॅटेलाइटला गॅमा किरणं दिसली. १३ कोटी वर्षांचा प्रवास आणि फरक दोन सेकंदांचाही नाही! म्हणजे गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश यांचा वेग जवळजवळ तंतोतंत सारखा.

ज्या थिअरींमध्ये हे वेग वेगळे निघत होते, त्या एका झटक्यात बाद झाल्या. जेकब बेकेनस्टाइन यांनी २००४ मध्ये मॉन्डला रिलेटिव्हिटीशी जोडलं होतं. त्या थिअरीचं मूळ रूपही यात गेलं. पण विषय संपला नाही. २०२१ मध्ये स्कॉर्डिस आणि झ्लोश्निक यांनी हे वेग सारखे ठेवणारी नवी आवृत्ती मांडली.

आता पुढे काय?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. ती सुरू झाली की लहरी आकाशात नेमक्या कुठून आल्या, हे जास्त अचूक कळेल आणि अशा परीक्षा आणखी घेता येतील.

तोपर्यंत "आइनस्टाइन चुकला" अशी रील दिसली, तर एकच प्रश्न विचारा: या थिअरीने असं काय सांगितलंय, जे मोजून खोटं ठरवता येईल? उत्तर नसेल, तर बिनधास्त पुढे स्क्रोल करा.