जुने चांदीचे रुपये : मोडून वीट घ्यावी का?



झरी आणि आसपासच्या गावांत जुना वाडा उतरवताना, भावाभावांच्या वाटणीत किंवा आजीच्या पेटीत चांदीचे जुने रुपये अजून निघतात. पेरणी तोंडावर आली, खत-बियाण्याची जुळवाजुळव सुरू झाली की ते बाहेर येतात. मग कोणीतरी सुचवतो, "हे झिजके रुपये कशाला सांभाळता? सराफाला द्या अन् शुद्ध चांदीची वीट घ्या." प्रश्न पिकाचा नसला तरी घरच्या भांडवलाचा आहे, म्हणून या पत्रकात घेतला आहे.

पहिली गोष्ट, सगळे रुपये सारखे नसतात. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडे हाली आणि कलदार असे दोन्ही सापडतात. म्हातारी माणसे हा फरक अजून सांगतात. १९५० मध्ये सात हालीला सहा भारतीय रुपये असा दर होता.

इंग्रजी अमदानीचा कलदार, म्हणजे राणीछाप व राजाछाप रुपया, ११.६६ ग्रॅमचा. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे निव्वळ चांदी १०.६९ ग्रॅम. मात्र सन १९४० ते १९४५ या युद्धकाळातल्या रुपयात चांदी निम्मीच, ५.८३ ग्रॅम. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून साल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. १९४७ चा वाघाचा रुपया तर निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदी चिकटत नाही.

हाली रुपयावर चारमिनार असतो. मधल्या कमानीतले उर्दू अक्षर 'मीम' असेल तर तो महबूब अली खानांचा, 'ऐन' असेल तर उस्मान अली खानांचा. साल हिजरी असते. १३३० म्हणजे आपले १९११-१२. गावात उर्दू वाचणारे कोणी असेल त्याच्याकडून वाचून घ्यावे. हा रुपया ११.१८ ग्रॅमचा, त्यात शंभरात सुमारे ८२ भाग चांदी, म्हणजे निव्वळ ९.१४ ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले हाली रुपये मात्र वेगळे काढून त्यांची चांदी आधी तपासून घ्यावी.

अशा ढिगाऱ्या वेगळ्या केल्या की प्रत्येकीचे वजन ग्रॅममध्ये करावे. ग्रॅममध्येच करावे, बरं का! जुना तोळा म्हणजे बरोबर एक कलदार रुपयाचे वजन, ११.६६ ग्रॅम. आजच्या सराफ बाजारात तोळा दहा ग्रॅमचा धरतात. शंभर रुपयांचे "शंभर तोळे" म्हणून एक किलो मांडले, तर १६६ ग्रॅम वजन हिशेबातूनच गेले. हिशेबाच्या सोयीसाठी चांदीचा दर किलोला एक लाख धरा. तेवढ्या एका शब्दात पंधरा हजारांवर रुपये जातात. त्याच दराने चांगला कलदार १,०६९ रुपयांचा, हाली ९१४ चा आणि युद्धकाळातला ५८३ चा झाला. रुपये झिजलेले असतील तर नगावर न जाता प्रत्यक्ष वजनावर हिशेब करावा.

आता विटेचे पाहू. शंभर पूर्ण वजनाच्या कलदारांत १,०६९ ग्रॅम चांदी आहे. वीट घेताना तिच्या किमतीवर तीन टक्के जी.एस.टी. द्यावा लागतो. सराफाने एक पैसा नफा घेतला नाही असे मानले तरी हाती १,०३८ ग्रॅमच येतील. वर आटणीची घट आणि सराफाचा नफा असतोच. दर चढला तर रुपया आणि वीट दोन्ही चढतात, पडला तर दोन्ही पडतात. मग या अदलाबदलीत आपल्या पदरात काय पडले? विटेची शुद्धता सांगायला सोपी, एवढेच.

उलट एक सोय जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार चांदीचे दागिने आणि नाणी तारण घेऊन कर्ज देता येते. नाण्यांची मर्यादा एका कर्जदाराला ५०० ग्रॅम आहे. विटेवर किंवा लगडीवर मात्र कर्ज देता येत नाही. जुनी नाणी शाखा स्वीकारते का, हे आधी बँकेत विचारावे. पेरणीपुरता पैसा उभा करायचा असेल तर मोडण्याआधी ही वाट पाहावी.

माझे मत विचाराल तर चांदी चांदी म्हणूनच ठेवायची असेल तर रुपये आहेत तसे राहू द्यावेत. पैशाची खरी नड असेल तर वीट न घेता सरळ रोख विक्री करावी. परभणी किंवा जिंतूरला दोन-तीन दुकानांत दर विचारावा, वजन, टक्का आणि दर लिहिलेली पावती घ्यावी. अगोदर आटवून नेऊ नये. आटलेल्या गोळ्यावर ना साल राहते, ना छाप.

साल महत्त्वाचे आहे. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया दुर्मिळ आहे. १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि सरकारने ते बहुतेक परत घेऊन वितळवले. असे रुपये संग्राहक चांदीच्या भावापेक्षा जास्त देऊन घेतात. पण १९१२ ते १९१९ चे राजाछाप रुपये मुबलक आहेत, त्यांना फार तर चांदीचा भाव आणि वर थोडेसे. कडी जोडून माळेत ओवलेल्या रुपयाला संग्राहक विचारत नाहीत. चिंच-राखेने घासून चकचकीत केल्यानेही किंमत उतरते, तेव्हा काळे पडलेले काळेच राहू द्या.

"तुमच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा" असे फोन येतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की असे कमिशन ती घेत नाही आणि अशा व्यवहारासाठी कोणाला नेमलेलेही नाही.

नांगरताना किंवा पाया खणताना गाडगे सापडले तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे असे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. ते परस्पर वाटून घेणे किंवा मोडणे गुन्हा आहे. तलाठ्यामार्फत तहसीलला त्याच दिवशी खबर द्यावी आणि अर्जाची पोच घ्यावी.