व्यायाम करूनही मन प्रसन्न का होत नाही?

नवीन वर्ष उजाडले की आपल्यापैकी बरेच जण व्यायामाचा संकल्प करतात. कोणी जिमची वर्गणी भरतो, कोणी बेसमेंटमध्ये ट्रेडमिल आणून ठेवतो, तर कोणी शाळेतले सूर्यनमस्कार पुन्हा आठवतो. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांसाठी व्यायाम हवाच, याबद्दल दुमत नाही. त्याबरोबरच 'व्यायाम कर, म्हणजे मनही ताजेतवाने होईल' असे आपण एकमेकांना सांगतो. पुष्कळांच्या बाबतीत ते खरेही ठरते. परंतु काही जणांना महिनोन् महिने नेमाने व्यायाम करूनही तसे काही जाणवत नाही. उलट थकवा येतो, चिडचिड होते, उदास वाटते. घरची मंडळी म्हणतात, 'अजून थोडा जोर लाव.' मग त्या बिचाऱ्याला वाटू लागते की खोट आपल्यातच आहे. वास्तविक या अनुभवामागे बहुधा काही ना काही कारण असते, आणि ते शोधता येते.

शास्त्र काय सांगते?

व्यायामाने एन्डॉर्फिन हे द्रव्य तयार होते व त्यामुळे आनंद वाटतो, असे आपण नेहमी ऐकतो. प्रत्यक्षात हे इतके सरळ नाही. रक्तातले एन्डॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही. जर्मनीत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धावपटूंच्या मेंदूत अशी द्रव्ये वाढलेली दिसली खरी. पण ते दहा जण सरावाचे धावपटू होते आणि दोन तास धावून आलेले होते. पुढे २०२१ साली जर्मनीतच या द्रव्यांचा परिणाम रोखणारे औषध देऊन लोकांना पळवण्यात आले, तरीही त्यांना धावल्यानंतरचा आनंद वाटलाच. म्हणजे इतर द्रव्यांचा व इतर गोष्टींचाही त्यात वाटा आहे. एक कळ दाबली आणि आनंद मिळाला, असे हे यंत्र नाही.

नैराश्याच्या रुग्णांवरील अभ्यासही हेच सांगतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात १९९९ साली पन्नाशीपुढील १५६ रुग्णांवर सोळा आठवडे प्रयोग झाला. व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे साठ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले. औषध घेणाऱ्यांतही हे प्रमाण फार वेगळे नव्हते. ही मोठीच गोष्ट आहे. पण उरलेल्या चाळीस टक्क्यांचे काय? त्यांनी आळस केला असे म्हणता येणार नाही. ब्रिटनमध्ये २०१२ साली ३६१ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या उपचारांबरोबर काही जणांना व्यायामासाठी मार्गदर्शन व प्रोत्साहन दिले गेले. त्यांची हालचाल वाढली, पण नैराश्य इतरांपेक्षा अधिक कमी झाले नाही.

कारणे कोणती असू शकतात?

१. झेपेल त्यापेक्षा अधिक जोर. श्वास इतका लागतो की बोलणे कठीण होते, त्या पायरीपुढे बहुतेकांना व्यायाम चालू असताना त्रासच वाटतो. सवय नसलेल्या माणसाची ही पायरी फार लवकर येते. कधी नुसत्या भरभर चालण्यानेही येते. शेजारचा तरुण ट्रेडमिलवर ज्या वेगाने धावतो तो वेग आपला नव्हे. चालताना गप्पा मारता याव्यात पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.

२. झोप आणि आहार. रात्री भारतात फोन, त्यानंतर ऑफिसचे काम, आणि पहाटे पाचला जिम. झोपेतले दोन तास कापून केलेला व्यायाम मनाला उभारी देत नाही. उपवासाच्या दिवशी किंवा वजन घटवण्याच्या नादात अर्धपोटी राहून घाम गाळला, तर चिडचिड होणारच. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी विश्रांतीचे दिवस गाळले, तर झोप बिघडते, वेग मंदावतो आणि उत्साह मावळतो.

३. शरीरातील दोष. थायरॉईडची मंद गती, रक्तक्षय आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांत थकवा व उदासपणा दोन्ही येतात. शाकाहारी मंडळींत बी-१२ कमी असणे नवलाचे नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते. रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर जातीच्या गोळ्यांनी काहींना दमल्यासारखे वाटते आणि नाडीही फारशी वाढत नाही. अशांनी घड्याळावरील नाडीच्या आकड्याचा पाठलाग करू नये.

४. हिवाळ्यातील काळोख. मुंबईत डिसेंबरमध्ये सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. न्यू जर्सीत साडेचारलाच अंधारून येते. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेले डॉ. नॉर्मन रोझेन्थाल यांना इकडच्या हिवाळ्यात स्वतःचा उत्साह ओसरतो हे जाणवले. त्यांनी सहकाऱ्यांसह १९८४ साली अशा ऋतुमानानुसार येणाऱ्या नैराश्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अशा व्यक्तीने अंधाऱ्या बेसमेंटमध्ये केलेल्या व्यायामापेक्षा सकाळी उजेडात फिरणे बरे. दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचाही उपयोग होतो. मात्र डोळ्यांचा विकार किंवा मनाचे टोकाचे चढउतार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

५. खरीखुरी काळजी. नोकरी जाण्याची टांगती तलवार, व्हिसाची अनिश्चितता, भारतात आजारी आई किंवा वडील. ही दुःखे धावून मागे पडत नाहीत. येथे व्यायामापेक्षा कोणाशी तरी मोकळेपणी बोलण्याची गरज अधिक असते. एकट्याने जिमला जाण्याऐवजी मित्राबरोबर किंवा पतिपत्नींनी मिळून फिरायला जावे. चालता चालता बोलणे सोपे जाते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत गोडी राहिली नसेल, झोप व भूक बिघडली असेल, तर ही केवळ मरगळ नसून नैराश्याचा आजार असू शकतो. या आजारात आनंद जाणवण्याची क्षमताच मंदावते, म्हणून व्यायामाचाही आनंद होत नाही. तेथे 'मनाने घे' हा उपदेश निरुपयोगी असतो. मधुमेहाला जसे आपण औषध घेतो तसेच येथेही समुपदेशन, औषध किंवा दोन्ही घ्यावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

खर्चाची धास्ती वाटत असल्यास हे ध्यानात असू द्यावे. अमेरिकेतील बहुतेक विमा योजनांत फॅमिली डॉक्टरांकडील नैराश्याची प्राथमिक तपासणी प्रतिबंधक सेवा म्हणून को-पेशिवाय होते. योजनेत मानसिक आजारांचा समावेश असेल, तर त्यांना शारीरिक आजारांपेक्षा कडक अटी लावू नयेत असा कायदा २००८ साली झाला. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना समुपदेशनाच्या काही बैठका मोफत देतात. आपल्या एचआर विभागाकडे चौकशी करावी. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या प्रवासी विम्यात मात्र मानसिक उपचार बहुधा नसतात, तेव्हा पॉलिसी आधी वाचून घ्यावी. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवले तर थांबू नये. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मदत मिळते.

आणि व्यायाम? तो सोडू नये. मन प्रसन्न झाले नाही तरी हृदयाला, हाडांना व रक्तातील साखरेला त्याचा लाभ होतच असतो. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम गतीने चालणे हे प्रौढांसाठी योग्य प्रमाण आहे, आणि ते दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांतही पूर्ण करता येते. दोन-तीन आठवडे वहीत वेग, झोप आणि त्या दिवशी कसे वाटले हे लिहून ठेवावे, आणि पुढच्या तपासणीच्या वेळी ती वही डॉक्टरांना दाखवावी. कारण शोधणे त्यांना बरेच सोपे जाईल.