‘अकिरा’ नेमकं कुणाचं?

बाळांच्या नावांच्या याद्यांत ‘अकिरा’समोर बहुधा लिहिलेलं असतं : मुलीचं नाव, संस्कृत, अर्थ ‘डौलदार शक्ती’. ‘जब तक है जान’मधली (२०१२) अनुष्का शर्मा आणि ‘अकिरा’मधली (२०१६) सोनाक्षी सिन्हा यांच्यामुळे ते आपल्या कानांना मुलीचं नाव म्हणून सवयीचंही झालं. पण या अर्थाचा असा शब्द संस्कृतात नाही. अकिरा हे अस्सल जपानी नाव आहे आणि तिथे ते प्रामुख्याने पुरुषांचं. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा आठवले तरी पुरे. स्त्रियांचंही असतं, पण कमी.

ज्यांना हे ठाऊक असतं, ते ‘अकिरा म्हणजे तेजस्वी’ एवढं सांगून मोकळे होतात. ते चूक नाही, अपुरं आहे. ‘अकारुइ’ म्हणजे उजळ, ‘अकिराका’ म्हणजे स्पष्ट. अकिरा याच कुळातलं. मात्र नाव नुसतं ऐकून अर्थ पुरता कळत नाही. चीनमधून आलेल्या ज्या चिन्हांना जपानी लोक ‘कांजी’ म्हणतात, त्यांतल्या कोणत्या चिन्हाने ते लिहिलंय हे पाहावं लागतं.

कुरोसावांच्या नावात डावीकडे सूर्याचं चिन्ह आहे, उजवीकडे चंद्राचं; दोन्ही मिळून ‘प्रकाशमान’. ‘गोड्झिला’चे (१९५४) संगीतकार अकिरा इफुकुबे यांचं चिन्ह निराळं. सम्राट हिरोहितोंच्या ‘शोवा’ कालखंडाच्या नावात पहिलं येतं ते. म्हणून असं नाव त्या कालखंडावरूनच ठेवलेलं असणार, असं वाटू शकतं. पण इफुकुबेंचा जन्म १९१४ चा आणि शोवा सुरू झाला १९२६ च्या डिसेंबरात.

मला सर्वांत लोभस वाटते ती रसायनशास्त्रातल्या दोन नोबेल मानकऱ्यांची जोडी : अकिरा सुझुकी (२०१०) आणि अकिरा योशिनो (२०१९). आपल्या मोबाइलमधल्या लिथियम-आयन बॅटरीमागे योशिनोंचं संशोधन आहे. सुझुकींच्या नावाचं चिन्ह एरवी पुस्तकातल्या ‘प्रकरणा’साठी वापरतात. त्याच्याच उजव्या अंगाला तीन तिरके फटकारे ओढले की योशिनोंचं चिन्ह होतं आणि अर्थ होतो ‘ठळकपणे प्रकट करणं’. उच्चार दोघांचा एकच.

मग आईवडिलांनी वाटेल ते चिन्ह घ्यावं का? तसंही नाही. नावांसाठी सरकारमान्य कांजी सुमारे ३००० आहेत. त्यांच्या उच्चाराची मात्र पूर्वी कुटुंबनोंदणीत नोंदच नसे. २६ मे २०२५ पासून तीही होऊ लागली आहे आणि भलताच उच्चार चालत नाही.

मुलीला अकिरा नाव ठेवायला काहीच हरकत नाही, नाव गोडच आहे. फक्त बारशाला अर्थ सांगताना ते जपानी आहे हे आवर्जून सांगा.